आईचे लाल गाल

वाळत्या मिरचीचा वास आला की माझं डोकं फिरतं. आई नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर मिरच्या वाळवायची. चार पावलं भरभर चालली तरी तिला धाप लागायची, खोकताना कधी थुंकीत रक्त दिसायचं. शेवटी मी तिला डॉक्टरकडे नेलं. "डॉक्टरसाहेब, आडी पडनी का मन्हा जीव गुदमरस," ती म्हणाली. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "मिरचीत काम करता ना? मग ठसका लागणारच. गाल तर बघा, कसे लालबुंद! काही झालेलं नाही तुम्हाला." झालं! दोन हिवाळे ती खोकल्याचं औषध पीत राहिली. पाय सुजले तेव्हा सुरतेला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, विचारलं. आई हो म्हणाली. त्या तापानंच हृदयाची झडप आकसली होती, आत घरघर होती आणि गालांची लालीही त्याचीच होती. पण तोवर उशीर झाला होता. आई घरी परतली नाही. स्टेथोस्कोप त्या पहिल्या डॉक्टरच्याही गळ्यात होता की! मग तो काय दागिना म्हणून घातला होता?