ज्याच्याशी बोलणं नाही, त्याचं ताट

बालाघाट स्टेशनवर गोंदियाची गाडी लागली होती आणि आई मला तिसऱ्यांदा विचारत होती की लोणच्याची बरणी उभीच ठेवलीस ना. गाडी हलायच्या बेतात असताना बाबांनी एक प्लॅस्टिकची पिशवी खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली. आत माझा बाप्तिस्म्याचा दाखला होता, घड्यांवर झिजलेला. "तारीख इसरू नको, सलू," ते म्हणाले. "तिकडं कोनी आठवन देनार नाही." मला रागच आला. पुण्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली होती, जन्मात पहिल्यांदा घर सोडत होते, आणि यांना पडलं होतं तारखेचं!

तुमच्यापैकी जे आपल्या गावी, भरवेलीलाच राहिलात त्यांना ही तारखेची भानगड सांगायला नको. तुम्ही कधी ना कधी आमच्याकडे जेवून गेला असाल. जे माझ्यासारखे निघून गेलात, त्यांच्यासाठी सांगते.

बाबा मँगनीजच्या खाणीत फिटर होते. आमच्या घरी वाढदिवस होत नसत, बाप्तिस्म्याचा दिवस होत असे. केक नाही, फुगे नाहीत. ज्याचा दिवस असेल त्याने, त्या वर्षी ज्या माणसाशी आपलं बोलणं बंद झालंय, त्याला स्वतः जाऊन जेवायला बोलवायचं. पाहुणा आला की अंगणात तांब्याने त्याच्या हातावर पाणी घालायचं, टॉवेल द्यायचा आणि एकच वाक्य म्हणायचं, "माझ्याकडून चुकलं असेल तर माफ करा." भांडण कशावरून झालं, खरं कोण, खोटं कोण, यातलं अक्षर काढायचं नाही. मग पाटावर बसवून वाढायचं. असा नियम ना कुठे लिहिलेला होता, ना आमच्या पादरी साहेबांनी सांगितला होता. तो बाबांनीच काढलेला. मी एकदा कुरकुरत विचारलं, काहून? तर हात साबणाने घासता घासता म्हणाले, "बपतिस्मा एकच डाव होते, बाई. पन मानूस रोज मळते. सालातून एक दिवस तरी पाहाव लागते ना, पानी कुठपर्यंत पोचलं ते."

माझा दिवस ऑगस्टमध्ये. जुलै लागला की मी भयंकर गुणी व्हायचे, कोणाशी वाकड्यात शिरायचंच नाही. एका वर्षी तर छातीठोकपणे सांगून टाकलं की यंदा माझं कोणाशीच भांडण नाही. बाबा म्हणाले, "हौ का? मंग त्या कविताच्या घरासमोरून सायकल काहून पळवतं?" झक मारत कविताला बोलवावं लागलं. तिने चार वाट्या खीर ओढली, त्याचा मला वेगळाच संताप आला. पण सोमवारी शाळेत आम्ही एका बाकावर बसलो होतो. शेजारच्या बिसेन काकी कुंपणावरून विचारायच्या, "आज किसका नंबर है, भैया?" एका वर्षी त्यांनी ते विचारणंही बंद केलं होतं, तेव्हा बाबा तांब्या घेऊन सरळ कुंपणापाशी गेले आणि म्हणाले, "आपका." काकी आधी हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावून आत पळाल्या. दहा मिनिटांनी साडी बदलून जेवायला आल्या.

बाबांचा स्वतःचा दिवस फेब्रुवारीत यायचा. खाणीतल्या एका सोबत्याशी त्यांचं जोराचं वाजलं होतं, आणि तो नोकरी सोडून बैहरला जीप चालवायला लागला होता. बाबा घाटातून बस धरून त्याला बोलवायला गेले. तो येतो म्हणाला आणि आला नाही. त्याचं ताट आईने दिवस मावळेपर्यंत झाकून ठेवलं. पुढच्या फेब्रुवारीत बाबा पुन्हा बैहरला गेले. तेव्हाही तेच. तिसऱ्या वर्षी मात्र तो बायकोला घेऊन आला आणि पाटावर बसून, मान वर न करता, सगळं जेवला. बाबांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, त्यातली बरीच चांगलीही होती. पण बाप्तिस्मा म्हणजे काय ते मला विचाराल तर मला बैहरची बस आठवते.

हे आता लिहिते आहे. तेव्हा मात्र पुण्यात येऊन मी सगळं गुंडाळून ठेवलं. तीन जणींचा फ्लॅट, दोन शिफ्ट, सॅम्पल, रिपोर्ट, पुन्हा सॅम्पल. "मले" म्हटलं की रूममेट फिस्सकन हसायच्या, म्हणून "मला" म्हणायला शिकले. ऑगस्टमध्ये तारीख आठवायची, पण बोलवणार कोणाला? आमच्याकडे भांडण झालं तर निदान समोरासमोर तोंड फिरवायला माणूस भेटतो. इथे नंबर ब्लॉक करतात आणि विषय संपतो. मीही तेच शिकले.

रविवारी जवळच्या एका मंडळीत जाऊ लागले. दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये उपासना असायची. माणसं फार मायेची. मला डेंग्यू झाला तेव्हा पाळक आणि त्यांच्या बायकोने आठवडाभर डबा पोचवला. तीन वर्षांनी मी सभासद व्हायचं म्हटलं, तेव्हा पाळकांनी विचारलं, "तुझा बाप्तिस्मा झालाय?" मी दाखला दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि शांतपणे म्हणाले, "तीन महिन्यांची होतीस. तुला त्यातलं काही आठवतं का?" मी दाखला घडी घालून पिशवीत ठेवला. त्यांच्या मंडळीत समजत्या वयात, पूर्ण पाण्यात बुडून घेतलेलाच बाप्तिस्मा धरत. त्याआधीचे वर्ग धरून पुढच्या मार्चमधला एक रविवार ठरला.

फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग त्या दिवशी तुह्यासाठी देवासमोर मी जो शब्द देल्ला, तो खोटा होता काय?"

आणि मी म्हणाले, अजूनही लिहिताना लाज वाटते, मी म्हणाले, "मला विचारलं होतं का कोणी? तुमचा बाप्तिस्मा म्हणजे नुसत्या जेवणावळी."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर सहा महिने आम्ही बोललो नाही. आई दोन्हीकडचे निरोप सांगून थकली. मी माझ्या जागी बरोबर आहे, हे मी स्वतःला रोज शिफ्टला जाताना सांगत होते. रोज सांगावं लागत होतं, यातच काय ते समजा.

फेब्रुवारीत एका दुपारी लॅबमध्ये बाबांचा फोन आला. आई आजारी असेल असं वाटून मी हातातलं सॅम्पल तसंच ठेवून बाहेर पळाले. ते एवढंच म्हणाले, "बुधवारी माहा दिवस हाय. जेवाले येजो." पलीकडून फोन बंद.

पुण्याहून गोंदिया, गोंदियाहून बालाघाट. वाटेत विचार करत होते की या वर्षी कोणाचा नंबर असेल. खरं सांगते, मला शंकासुद्धा आली नाही. लोकांच्या भांडणांचा हिशेब लावण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, फक्त त्यात मी स्वतःला धरत नसे.

घरी चिन्नोरचा भात शिजत होता, त्याचा वास फाटकापर्यंत येत होता. आईने पाट्यावर वाटून पाटवडीचा रस्सा केला होता. दाराजवळ पाट मांडलेला, समोर ते काठाचं ताट, जे फक्त पाहुण्याला वाढत. एक वाजला, दीड वाजला. मी आईला विचारलं, "कोन येऊन राह्यलं वं? एवढा उशीर?" आई भात ढवळत राहिली.

मी अंगणात जाऊन बसले, तेवढ्यात बाबा तांब्या घेऊन बाहेर आले. खांद्यावर धुतलेला टॉवेल. सहा महिन्यांत ते किती वाळले होते! माझ्यासमोर येऊन म्हणाले, "ऊठ, सलू. हात धू."

मी हात पुढे केले. पाणी गार होतं. धार कधी तळव्यावर तर कधी मनगटावर पडत होती. त्यांच्या नखांच्या कडांना खाणीचा काळेपणा अजून तसाच होता. "माह्याकडून चुकलं असन त माफ कर," ते म्हणाले, आणि टॉवेल पुढे केला. बोलून मी गेले होते. माफी ते मागत होते.

त्या पाटावर बसणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. बैहरच्या माणसाने मान वर का केली नव्हती, तेही कळलं. बाबा वाढत होते, आणखी घे म्हणत होते. नियमाप्रमाणे भांडणाचं अक्षर कोणी काढलं नाही. फक्त निघताना, फाटकाशी, बाबा म्हणाले, "मार्चात घ्याचा असन त घे. मी येईन पाहाले." मी त्यांच्या गळ्यात पडून मोठ्याने रडले. काकी कुंपणापाशी उभ्या होत्या, पण त्यांनी काही विचारलं नाही.

पुण्यात आल्यावर पाळकांना भेटले. म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं ना, बाप्तिस्म्यातलं काही आठवतं का म्हणून? आठवतं." आणि सगळं सांगितलं. मी मार्चमध्ये पाण्यात उतरणार नाही, हेही सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. आपली बाजू त्यांनीही मांडली, आवाज थोडे चढले. नंतर मी त्या हॉलमध्ये जाणं टाळलं आणि ते रस्त्यात दिसले की मी पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागले.

घर म्हणजे भरवेलीचं अंगण, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. सुट्टी मिळाली तरच तिथे जायचं आणि उरलेलं वर्ष परकं म्हणून काढायचं. आता तसं वाटत नाही. हातात तांब्या घेऊन मी जिथे उभी राहीन, तिथपर्यंत घर पोचतं.

ऑगस्टमध्ये माझ्या दिवशी सकाळीच बाबांचा फोन आला. "यंदा कोन?" मी नाव सांगितलं. ते खूश होऊन हसले आणि म्हणाले, "भात मऊ कर. शहरातले लोक हायेत."

पाळक बायकोला घेऊन एक वाजता आले. दारात जरा अवघडून उभे राहिले. मी त्यांना गॅलरीत, कुंड्यांपाशी बोलावलं. "बेसिन आहे की आत," ते म्हणाले.

"असू द्या," मी म्हटलं, आणि तांब्या उचलला. त्यांनी हात पुढे केले.