कारण: शिंगाळ्याचा काटा

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. उमेळे रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानामागच्या गाळ्यात फ्लोरा गॉजचे तुकडे कापते आहे. चार बोटं लांब, चार बोटं रुंद. मोजपट्टी ती वापरत नाही. सत्तावीस वर्षं एका धर्मादाय रुग्णालयाच्या वॉर्डात काढली, निवृत्त झाली, आणि गेली तीन वर्षं ती इथे आहे. केंद्र एका संस्थेचं आहे. सुईने नशा करणाऱ्यांना इथे रोज नशेची ओढ शमवणारी एक गोळी मिळते, जुन्या सुईच्या बदल्यात नवी मिळते आणि जखमेचं ड्रेसिंग होतं. गोळी देण्याचं काम समुपदेशक किंजलचं, ड्रेसिंगचं फ्लोराचं.

आज यादीत दहा नावं आहेत. दहावं नाव जेन्सन. वय सव्वीस, राहणार पाचूबंदर, डावा पाय. जेन्सन हा फ्लोराच्या धाकट्या भावाचा, मार्सेलचा, मुलगा.

त्याच्या नडगीवर, घोट्याच्या वर चार बोटं, फ्लोराने शनिवारी मार्कर पेनाने निळी रेष काढली आहे. रुग्णालयातल्या सर्जननेच ती काढायला सांगितली होती. काळं पडलेलं मांस रेषेच्या खाली राहिलं तर आणखी एक आठवडा ड्रेसिंग करून बघायचं. वर गेलं तर थांबायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी आणायचं. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. रविवारी आणि सोमवारी फ्लोराने रेष पाहिली. काळं खाली होतं. सोमवारी फार थोडं खाली होतं.

पहिला आला विकी. बोळिंजला रिक्षा चालवायचा. आता बसून असतो. पोटरीवर तळहाताएवढी जखम आहे. टेबलावर पाय ठेवून त्याने विचारलं, "सिस्टर, आज कात्री धारवाली आहे ना? काल तुम्ही माझी पँटच फाडत होता असं वाटलं."

"पँट धुवून आणली असतीस तर शिवली असती. हलू नकोस."

"हलतोय कुठे? तिकडे काय समजतच नाही मला. तुम्ही करा आरामात."

"समजायला लागेल तेव्हा सांग."

"तेव्हा ओरडेन ना, आख्ख्या वसईला ऐकू जाईल."

फ्लोराने जुनी पट्टी सलाईनने भिजवली. अशी पट्टी कोरडी ओढायची नसते, खालचं मांसही बरोबर येतं. भिजायला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात विकी बोलत राहिला. आधी तो ब्राउन शुगर घ्यायचा. ती मिळेनाशी झाली, तेव्हा कोणीतरी काढा दिला.

काढा हे नाव मुलांनीच पाडलेलं. मेडिकलच्या गोळ्या आणि घरातली रसायनं कुणाच्यातरी खोलीत एकत्र शिजवतात आणि जे उरतं ते सुईत भरतात. गाळलेलं नसतं, मोजलेलं नसतं, आणि आत काय आहे ते शिजवणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. स्वस्त असतं. नशा तासा-दोन तासांत उतरते, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा सुई लागते. जिथे टोचतात तिथली कातडी आधी राखाडी होते, मग हिरवट, मग खवल्यांसारखी सुटते. त्याखालचं मांस मरतं. केंद्राच्या रजिस्टरात अशा जखमा पहिल्या वर्षी तीन होत्या, दुसऱ्या वर्षी एकोणीस. यंदा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चव्वेचाळीस झाल्या आहेत. पहिल्या तिघांपैकी दोघे आता नाहीत.

"शिजवतं कोण?" फ्लोराने एकदा विचारलं होतं.

"शिकतात एकमेकांचं बघून," विकी म्हणाला होता. "मोबाइल रिपेरिंगसारखं."

रजिस्टरात सात रकाने आहेत. पाचवा रकाना 'जखमेचे कारण'. त्यात बहुतेक ओळींवर फ्लोराच्या अक्षरात एकच शब्द आहे: सुई. तीस जूनच्या पानावर एका ओळीत काळ्या शाईने 'शिंगाळ्याचा काटा' लिहिलेलं आहे. त्यावर लाल रेघ आहे, शेजारी 'सुई', त्यापुढे चौदा जुलै ही तारीख आणि फ्लोराची सही.

शिंगाळा हा मिशा असलेला मासा. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखे काटे असतात. काटा लागला की ठणका सुरू होतो, हात किंवा पाय सुजतो. पाचूबंदरात यावर एक उपाय आहे आणि तो सगळ्यांना येतो: सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं. उपाय खोटा नाही. उष्णतेने काट्याचं विष उतरतं, हे फ्लोराला वॉर्डातल्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं. लहानपणी तिचा स्वतःचा पाय याच पाण्यात दोनदा बुडाला होता.

एकोणीस जूनला जेन्सन लंगडत घरी आला. घोट्याजवळ सूज होती. तो म्हणाला, शिंगाळा लागला. होड्या एक जूनपासून किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. पावसाळ्याची मासेमारी बंदी होती. पण खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायला मुलं जातात, तिथे शिंगाळा मिळतो. त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. मार्सेलने पाणी तापवलं. तिसऱ्या दिवशी फ्लोरा शेजारच्या घरातून येऊन पाय बघून गेली आणि म्हणाली, सूज आहे, शेकत राहा.

केंद्राच्या दारातून आत येणाऱ्या माणसाच्या पायावर ही जखम असती, तर तिने ती उभ्या उभ्या ओळखली असती. भावाच्या पडवीत तिने ती ओळखली नाही. पागाचं जाळं पडवीतच टांगलेलं होतं. ते कोरडं होतं. हे तिला नंतर आठवलं.

अकरा दिवस, दिवसातून दोनदा, जेन्सनचा पाय गरम पाण्यात होता. मार्सेल दर वेळी हात घालून बघायचा आणि विचारायचा, सोसतंय का. पायाला काढ्याने बधिरपणा आला होता. जेन्सन स्वतःही काढ्यावरच बसलेला असायचा. तो म्हणायचा, अजून गरम कर. मार्सेल करायचा. तिसाव्या तारखेला कातडी भाजून सुटली, तेव्हा फ्लोराने त्याला केंद्रात आणलं, ड्रेसिंग केलं, आणि पाचव्या रकान्यात काटा लिहिला. रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली, तिच्यातही तेच लिहिलं.

चिठ्ठी वाचून वॉर्डाने काट्याचा पेशंट म्हणून उपचार सुरू केले. नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासाची गोळी त्याला कोणी दिली नाही, कारण तो नशा करतो हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो सलाईनची सुई उपसून निघून गेला. दहा दिवस घरीच आला नाही. चौदा जुलैला परत आला तेव्हा पायाची दोन बोटं काळी होती. त्या दिवशी किंजलने त्याला एकट्याला बसवलं आणि दुसरा पाय दाखवायला सांगितलं. उजव्या घोट्यावरही टोचल्याच्या खुणा होत्या.

"मॅडम, आतेला नका सांगू," तो किंजलला म्हणाला.

"तुझी आतेच बाहेर बसलीये. तिला दिसत नाही असं वाटतं तुला?"

"दिसलं नव्हतं ना इतके दिवस."

ते फ्लोराला दाराबाहेर ऐकू आलं. तिने रजिस्टर मागवलं आणि लाल पेन घेतलं.

पाचूबंदरात मात्र कारण बदललं नाही. मार्सेल चर्चच्या आवारात, माशांच्या लिलावात, न्हाव्याकडे सगळ्यांना अजूनही शिंगाळाच सांगतो. ऑगस्टमध्ये त्याच गल्लीतल्या आणखी दोन मुलांना शिंगाळा लागला. त्यांच्याही घरी पाणी तापलं. एकाच्या घरी फ्लोरा स्वतः गेली, चुलीवरचं भांडं उतरवलं आणि मुलाच्या आईला खरं सांगितलं. बाई म्हणाली, "तुझ्या घरातला काटा तो काटा, नि आमच्या घरातली ती सुई काय गो?" फ्लोराकडे उत्तर होतं, पण ते मार्सेलने द्यायचं होतं. तो मुलगा केंद्रात आला नाही. दुसरा येतो. आजच्या यादीत त्याचं नाव सातवं आहे.

साडेअकरापर्यंत नऊ ड्रेसिंग झाली. जेन्सनची वेळ दहाची. तीन दिवस गोळी चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ऑगस्टमध्ये तसं दोनदा झालं. फ्लोराने फोन केला नाही. ट्रे उकळायला ठेवला, टेबल पुसलं, हातमोज्यांचा नवा खोका फोडला.

अकरा चाळीसला मार्सेल स्कूटर घेऊन आला. मागे जेन्सन, पाय प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.

"उशीर का?" फ्लोराने विचारलं.

"होडी लागली उशिरा," मार्सेल म्हणाला. "मी नाय तं त्याला आननार कोन?"

"रिक्षा फिरतात ना रोडने."

"रिक्षावाला पाय बघून थांबत नाय गो. वास येते."

जेन्सनने किंजलकडून गोळी घेतली आणि जिभेखाली ठेवली. ती विरघळेपर्यंत बोलायचं नसतं. तो टेबलावर आडवा झाला. फ्लोराने पिशवी काढली, पट्टी भिजवली, घड्याळ पाहिलं. भिजायला आठ मिनिटं. मार्सेल भिंतीवरचं सुई कुठे टाकावी याचं पोस्टर वाचत उभा होता.

पट्टी निघाली. काळं निळ्या रेषेच्या वर गेलं होतं. फ्लोराने बोट आडवं ठेवून मोजलं. मागच्या बाजूला एक बोट, पुढे अर्धं.

"आते?" गोळी विरघळली होती.

"गेलं वर."

"किती?"

"एक बोट."

जेन्सनने छताकडे पाहिलं. "एका बोटासाठी पाय काढतात?"

"थांबलास तर मांडी काढतील."

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाखवा एका पायावर नाय उभा राहू शकत होडीत."

"बसून जाळी शिव," मार्सेल म्हणाला. पहिल्यांदाच वळून त्याने पाय पाहिला. बराच वेळ पाहिला. "पानी मीच तापवलं. हात घालून बघितलं दर टायमाला. माझा हात निघत होता लाल. ह्याला इचारलं, सोसतंय? हा म्हनाला, अजून गरम कर."

फ्लोराने नवा गॉज घेतला. "शेकायला मी सांगितलं होतं."

"तू नर्स," मार्सेल म्हणाला. आवाज चढवला नव्हता.

"हो."

तिने ड्रेसिंग पूर्ण केलं. काढायच्याच पायाचं ड्रेसिंगही तिने नेहमीसारखं केलं: आधी सलाईन, मग मलम, गॉजचे चार थर, खालून वर पट्टी. मग सर्जनला फोन लावला. उद्या बुधवार, सकाळी आठला भरती, रात्री बारानंतर पोटात काही नको. नवी चिठ्ठी लिहायला ती टेबलावर बसली. नाव लिहिलं, वय लिहिलं. कारणाच्या जागी पेन टेकवलं.

मार्सेल जवळ आला. "काय लिवतेस?"

"काय लिहू?"

त्याने खिशात हात घातला, काढला. बाहेर यादीतला सातवा, गल्लीतला तो मुलगा, गोळी घेऊन पायरीवर बसला होता. मार्सेल त्याच्याकडे पाहत म्हणाला, "ह्याला पन शिंगाळा लागला म्हनतात."

"हो."

"ह्याचा बाप मला इचारून गेला. पानी किती गरम ठेवायचं म्हनून."

"तू काय सांगितलंस?"

मार्सेलने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "लिव, सुई," तो म्हणाला. "काढा पन लिव. नायतर परत गोळी नाय देनार ते, नि हा परत पळल."

फ्लोराने लिहिलं. खाली रोजच्या गोळीचं नाव, मात्रा आणि आज ती घेतल्याची वेळ लिहिली. रुग्णालयाच्या वॉर्डात ती गोळी ठेवत नाहीत, म्हणून ती केंद्रातूनच न्यावी लागेल. किंजलने उद्याच्या पानावर तशी नोंद केली आणि फ्लोराची सही घेतली. दार ढकलून बाप-लेक बाहेर पडले. मार्सेल पायरीवरच्या मुलापाशी थांबला. काहीतरी बोलला. मुलाने मान खाली घातली. मग मार्सेलने स्कूटर चालू केली.

उद्याच्या यादीत नऊ नावं आहेत. किंजल साडेसातला केंद्र उघडेल. फ्लोरा एक गोळी पाकिटात घालून पावणेआठच्या आत रुग्णालयाच्या दारात असेल. गोळीला पाणी लागत नाही, म्हणून रिकाम्या पोटी चालते. पहिलं ड्रेसिंग साडेनऊला, विकीचं.