तीन आरोप रद्द

आमच्या ताईचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. चार मशिनी, चार बायका आणि सगळ्यांवर हिचा एकटीचा आवाज. आई-वडील गेल्यावर तिनेच आम्हा दोघांना वाढवलं. मला धपाटे आणि आमच्या शेंडेफळाला दुधावरची साय. साय खाऊन तो परदेशात गेला आणि तिथे त्याने असे दिवे लावले की बायकोच्या तक्रारीवरून फौजदारी खटला झाला. "सगळे आरोप रद्द झाले. ती बाईच तसली," असं ताई चारचौघांत सांगायची. मीही मान डोलवायचे.

आता तो घटस्फोट घेऊन परत येणार होता. ताईने त्याच्यासाठी बायको म्हणून काजवाली हेरून ठेवली होती. ही आमच्याकडेच काजं करणारी पोरगी. आईबाप नाहीत, हात चपळ, तोंड बंद. तिच्या मामाने मात्र बजावलं, "आधी कोर्टाचे कागद दाखवा."

ताईने ऐटीत तिथल्या कोर्टाची नक्कल मागवली. पहिल्या पानावर चार आरोप, त्यातल्या तिनांपुढे 'रद्द'. ताईने सगळ्यांना चहा पाजला. चौथ्याचं काय, ते कळेना, म्हणून मी ते बाड घेऊन ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले.

"तिकडे असा सौदा होतो," त्या म्हणाल्या. "एक गुन्हा कबूल केला की बाकीचे सोडून देतात. ते खोटे ठरले असं नाही. यानेही बायकोचा गळा आवळल्याचं न्यायाधीशासमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. पुढे बायकोचा जबाबही आहे, तो वाचा."

रिक्षात वाचला. डोकं फिरलं.

कारखान्यात शिरले तेव्हा ताई कापड बेतत होती. "मामाला पहिलंच पान दे," ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग मी सगळ्यांसमोर जबाब मोठ्याने वाचला. वहिनीने सांगितलं होतं: पहिल्यांदा गळा आवळला तेव्हा मी थोरल्या नणंदेला फोन केला. त्या म्हणाल्या, पोलिसांत जाऊ नकोस, संसारात भांड्याला भांडं लागतंच. आठवड्याभरात त्यांनी माझ्या मापाचे बंद कॉलरचे दोन शर्ट शिवून पाठवले. म्हणजे वळ दिसणार नाहीत.

मशिनी थांबल्या. खोटं आहे, एवढं तरी ताई म्हणेल असं मला वाटत होतं.

"मग काय करायचं होतं मी?" ती माझ्यावरच खेकसली. "आपलेच दात, आपलेच ओठ!"

काजवालीने सुई कापडात खोचली आणि उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदाच धड ऐकला.

"ताई, माझं माप कधी घेणार होतात?"