‘हे’ जेवत नाहीत

"अहो, डॉक्टर आल्यात," काकू म्हणाल्या.

मी वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. खिडकीजवळच्या आरामखुर्चीतही कुणी नव्हतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. काकू, त्यांचा मुलगा मंदार आणि मी. भर दुपार होती, पण पडदे ओढलेले. उजेड होता तो फक्त भिंतीला लागून ठेवलेल्या काचेच्या टाकीतला. तळाशी एक हातभर मासा तिरका पडून होता. काकूंचा आवाज आला तसा तो हलला, सावकाश काचेपाशी आला आणि मिशा काचेला टेकवून थांबला.

"ह्यांना भूकच नाही हो," काकू मला म्हणाल्या. "पोट साफ नाही. नुसते पडून असतात."

काकूंचे यजमान जाऊन तीनेक महिने झाले होते. आमच्या श्रीवर्धनच्या हायस्कुलात हेडमास्तर होते. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. मीही म्हणायचे.

मी पशुवैद्य आहे. गावात माझं क्लिनिक आहे, तिथं कुत्री-मांजरं येतात, आणि बकऱ्या-म्हशींसाठी मी गावोगाव फिरते. माशांचा एक छोटा कोर्स मी हौसेनं केला होता. पेंटरनं ते कुठूनसं ऐकलं आणि मला न विचारता बोर्डावर ‘शोभेचे मासे’ असंही रंगवून टाकलं. तेव्हापासून लोक मला माशांबद्दल विचारतात. बहुतेक वेळा मासा मेल्यानंतर विचारतात.

मंदारनं मात्र वेळेत विचारलं होतं. तो उरणला कंटेनर यार्डात नोकरी करतो. सुट्टी टाकून आला होता.

"मॅडम, पप्पांचा मासा जेवत नाहीये," सकाळी तो फोनवर म्हणाला.

"मग क्लिनिकला ये, काय ते सांगते."

"मासा जेवत नाही म्हणून आई जेवत नाहीये, मॅडम. आधी त्याला वाढते, त्यानं खाल्लं की मगच स्वतः पान घेते. आता नुसत्या चहावर आहे. काल देवघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टर सलाइन लावू बोलले तर हात लावू देत नाही. आणि मासा मेला बिला तर..."

मी बॅग उचलली.

आता काकूंना मी पाहत होते आणि मला ते काही बरं दिसत नव्हतं. अंगावरचं पातळ बांबूला गुंडाळल्यासारखं दिसत होतं. ओठ सुकलेले. डोळे मात्र लख्ख, आणि ते माझ्याकडे नव्हते, टाकीकडे होते. तेवढ्यात टाकीतून आवाज आला.

टक्.

लाकडी पाटावर कुणी नखानं वाजवावं तसा. थोडं थांबून पुन्हा. टक्.

"बघा," काकू म्हणाल्या. "मागतायत."

माझ्या मानेवर काटा आला. खरं म्हणजे येण्याचं काही कारण नव्हतं. या माशाला रेडटेल कॅटफिश म्हणतात. वरून काळपट, खालून पांढरा, शेपटी तांबडी, तोंडाला मांजरासारख्या लांब मिशा. कल्ल्यांमागच्या पंखात एक जाड काटा असतो, तो सांध्यात फिरला की टक् असा आवाज होतो. पुस्तकात स्पष्ट दिलंय. फक्त पुस्तकात असं दिलेलं नाही, की समोर एक बाई त्याला ‘अहो’ म्हणत असेल आणि तो नेमका तिच्या वाक्यानंतरच वाजेल.

सरांनी तो पनवेलच्या दुकानातून आणला तेव्हा बोटाएवढा होता. दुकानदार पुढचं सांगत नाहीत. हा मासा माणसाएवढा होऊ शकतो. हा तर अजून पोर होता, तरी टाकी त्याला अपुरी पडत होती. घर शाकाहारी, म्हणून सर त्याला बाजारात मिळणारे माशांच्या खाद्याचे दाणे घालायचे. तोवर सगळं ठीक होतं.

मी बाह्या वर केल्या आणि कामाला लागले. काम सुरू झालं की भीती कमी होते, हा माझा अनुभव आहे. पाण्याचा वास आंबूस होता. तपासणीच्या नळीत पाण्याचा रंग नको तितका हिरवा झाला, म्हणजे अमोनिया वाढलेला. टाकीत काहीतरी कुजत होतं. माशाचं पोट फुगून टणक झालं होतं आणि मागं पांढरा, दोऱ्यासारखा चिकट मळ लोंबत होता. आतडं तुंबलं की असं होतं.

"काय घालता खायला?"

मंदारनं आईकडे पाहिलं.

मी नळीनं तळाचा गाळ ओढून पांढऱ्या बादलीत घेतला. त्यात भाताची शितं होती, फुगून पांढरी फटक झालेली. आणि शितांमध्ये काळे ठिपके. बोटावर घेऊन पाहिलं. तीळ होते. काळे तीळ.

भातात काळे तीळ घालून गोळा कशाचा वळतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी हात पुसला.

"दहाव्याला कावळा शिवला नाही," शेवटी मंदार म्हणाला. "फांदीवर बसून होता, खाली आलाच नाही. मी सगळं बोललो, मॅडम. बाग विकणार नाही बोललो. आईला एकटीला टाकणार नाही बोललो. ऊन डोक्यावर आलं तसे भटजी बोलले, आता पाण्यात सोडा. मी खाडीत सोडला."

"घरी मी रोज पान ठेवत होते," काकू म्हणाल्या. "कुंपणावर. एक कावळा फिरकेल तर शपथ. वादळात एवढी झाडं गेली, त्यांनी बसायचं तरी कुठं म्हणा. मग एक दिवस मनात आलं, पाण्यातच सोडायचं ना? ह्यांच्याच टाकीत सोडला घास. तर लगेच वर आले. लगेच! घास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले."

तेव्हापासून रोज दोन वेळा तिळाचा भात, वर तूप. मासेच खाणारा मासा. त्याचं आतडं आखूड असतं, त्यात भात जिरत नाही, फुगतो. वर तूप थिजतं. इतके दिवस जगला हेच नवल होतं.

मी काकूंना खुर्चीत बसवलं आणि समजावून सांगितलं. आतडं तुंबलंय. औषधाच्या मिठाच्या पाण्यात ठेवू, टाकी स्वच्छ करू. "आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोट मोकळं होईपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही. अन्नाचा कण नाही."

काकू माझ्याकडे पाहायला लागल्या. त्या दुपारी पहिल्यांदाच.

"दवाखान्यातले डॉक्टरही असंच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आतड्याला पीळ पडलाय, तोंडानं काही देऊ नका. हे मऊभात मागत होते. चमचाभर दे म्हणाले, वर मेतकूट घाल म्हणाले. माझ्या पिशवीत डबा होता. मी दिला नाही. पहाटे गेले."

"काकू, तुम्ही बरोबर केलंत. दिला असतात तर त्रास वाढला असता."

"बरोबर केलं, आणि उपाशी पाठवलं," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा नाही ठेवायची मी ह्यांना उपाशी."

टक्, टाकीतून आवाज आला.

मला त्या बाईची कीव यायला हवी होती. आली नाही. मला भीती वाटली. समोर दोन जीव होते, आणि एकाला वाचवायचा जो उपाय, तोच दुसऱ्याला मारणार होता. मी मासा क्लिनिकला नेला असता तर त्या मागोमाग आल्या असत्या, आणि पायरीवर उपाशी बसल्या असत्या. माशांच्या कोर्समध्ये याचं उत्तर नव्हतं.

"आधी मिठाच्या पाण्यानं आंघोळ तर घालू," मी म्हणाले. "खायचं मग बघू."

याला त्यांनी मान हलवली. आंघोळीचं पाणी म्हटल्यावर उठून आत गेल्या आणि कशीबशी एक घंगाळ ओढत घेऊन आल्या. तांब्याचं, घासून लख्ख केलेलं.

"ह्यांना दुसरं चालत नाही."

"तांबं माशाला विष आहे, काकू," मी जरा जोरातच म्हणाले. मंदारनं बागेतला निळा प्लास्टिकचा टब आणला. त्यात शिळं पाणी घेतलं, एप्सम सॉल्ट विरघळवलं. औषधाच्या दुकानात मिळतं ते, जुलाबाचं मीठ. कॅटफिश जाळीनं उचलायचा नसतो, पंखांतले काटे जाळीत अडकून तुटतात. मी ओला पंचा हातावर घेऊन त्याला खालून उचललं. पोट हाताला भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं लागलं. उचलल्याबरोबर तो वाजायला लागला. टक्, टक्, टक्. तो आवाज माझ्या तळहातातून मनगटात शिरत होता.

टबात तो एका अंगावर कलंडला. कल्ले वर-खाली होत होते. आवाज हळूहळू लांबत गेला. एक टक्. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

काकू टबाशी खाली बसल्या. "श्वास अस्साच लागला होता," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. "अहो, मी इथंच आहे."

टक्.

मंदार भिंतीला टेकून रडायला लागला. पडदा हलत नव्हता, पंखा बंद होता, आणि मला स्पष्ट वाटत होतं की खोलीत चौथं कुणीतरी उभं आहे आणि ते अवघडलेलं आहे. माझा स्वभाव असा, की घाबरले की मी चिडते. मी चिडले. कुणावर चिडायचं हे कळेना, म्हणून टबावर ओणवी झाले आणि माशावरच चिडले.

"सर," मी म्हणाले, "आता माझं ऐका. तुमचं पोट गच्च झालंय. मी तुम्हाला खायला देणार नाही. आणि तुम्ही खात नाही म्हणून काकू जेवत नाहीयेत. काल चक्कर येऊन पडल्या. तुम्हाला चालतंय का हे? यापुढं त्या तुमच्यासाठी थांबणार नाहीत. वेळच्या वेळी जेवतील. तुम्ही असा, नसा. मी शब्द देते."

"मीपण देतो, पप्पा," मंदार मागून म्हणाला.

आवाज थांबला.

आम्ही वाट पाहिली. कल्लेही थांबले होते. गेला, असं माझ्या मनात आलं. आणि मग त्या माशाचं सगळं अंग धनुष्यासारखं वाकलं, ते रुंद तोंड उघडलं गेलं आणि आतून भाताचा एक अख्खा गोळा बाहेर आला. करडा, बुळबुळीत, काळ्या तिळांचा. पाण्यात पडला आणि सुटा झाला. त्यामागून आणखी थोडा. खोलीभर आंबट वास पसरला. मासा सरळ झाला, शेपटी मारून टबाच्या कडेकडेनं एक चक्कर फिरला.

काकू वाकून पाण्यात पाहत होत्या. बराच वेळ.

"गेले," त्या म्हणाल्या.

"आई, जिवंत आहे मासा! बघ, फिरतोय."

"मासा आहे रे. हे गेले."

त्या जमिनीला हात टेकून उठल्या. दारापर्यंत गेल्या, आधारासाठी चौकट धरली. "मंदार, सकाळचा भात उरलाय का? ताक घालून दे थोडा."

त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ताकभात जेवल्या. पहिला घास घशाखाली उतरायला वेळ लागला. मंदार समोर उकिडवा बसून बघत होता. मी बाहेर टाकी साफ करत होते, आणि तेवढी स्वच्छ मी आजवर कुठलीच टाकी केलेली नाही, कारण स्वयंपाकघराकडे वळून बघायची माझी हिंमत होत नव्हती.

माशानं गोळा टाकला, याला कारण आहे. रेडटेल घाबरला, जागा बदलली, हाताळला गेला की पोटातलं बाहेर टाकतो. ही त्याची ओळखीची सवय आहे. मी त्याला उचललं, पाणी बदललं, एवढं त्याला पुरे होतं. हे मला आज माहीत आहे, त्या दुपारीही माहीत होतं. मी मनातल्या मनात हेच घोकत होते.

माशाला पुढं बरेच दिवस उपाशी ठेवलं. काकूंनी हूं की चूं केलं नाही. अमोनिया उतरला, मळ मोकळा झाला, मग थोडे थोडे दाणे सुरू केले. तो ते खायला लागला. मी मधूनमधून बघायला जायची तेव्हा पडदे उघडे असायचे. काकूंनी हाक मारली तरी तो काचेपाशी यायचा नाही. त्याही फारशी मारायच्या नाहीत. "हा खातो बरं का आता, हावरट आहे," एवढंच म्हणायच्या. मी तपासायला त्याला पुष्कळदा उचललं. उचलला की हा मासा वाजतोच. हा पुन्हा कधी वाजला नाही. याचं कारण मात्र मला सापडलेलं नाही. शेवटी टाकी पुरेना, तेव्हा मंदारनं त्याला ओळखीच्या एकांच्या मोठ्या तळ्यात नेऊन सोडलं. काकू निरोप द्यायला बाहेरसुद्धा आल्या नाहीत. त्या आत कुळीथ निवडत होत्या.

आमच्या धंद्यात जनावराची हकीकत मालकाकडून घ्यावी लागते. काय खातं, किती खातं, कधीपासून सोडलं. त्या केसनंतर मी त्यात एक प्रश्न वाढवलाय, ‘आणि तुम्ही जेवलात का?’ बरेच जण हसतात. काही जण हसत नाहीत. त्यांच्यापुढं मी आधी माझा डबा ठेवते, त्यांचं जनावर जरा उशिरा तपासते.