राउटरवरचं कुंकू
परवा राउटरची धूळ पुसताना त्याच्या कडेला वाळलेलं कुंकू दिसलं आणि तो बसवला ती सकाळ आठवली. लातूरच्या आमच्या घरात कुठलंही नवं यंत्र आलं की आई आधी हळदकुंकू वाहणार, मगच बटण. मोठ्या भावानं परजातीत लग्न करून नांदेडला बिऱ्हाड केलं, तेव्हापासून घरात त्याचं नाव काढायची कुणाची बिशाद नव्हती. वडिलांनीच, म्हणजे आमच्या दादांनीच, तसं बजावलं होतं. त्या सकाळी ड्रिलनं उडालेल्या चुन्याचा वास खोलीभर भरला होता आणि वडील कपाळाला विभूती लावून पेपर वाचत होते. "काका, पासवर्ड काय ठेवू? ध्यानात राहील असं सांगा," कनेक्शनवाला म्हणाला. पेपरातून मान वर न करता वडिलांनी भावाचं नाव सांगितलं. आईचा कुंकवाचा हात तिथंच थांबला. "लई छोटं होतंय, पुढं आकडे जोडा." वडिलांनी भावाचं जन्मसाल सांगितलं. "पोराचं नाव का, काका?" "न्हाई. सुचलं ते सांगितलं." पुढं कुणी पाहुण्यानं पासवर्ड विचारला, की आम्ही तो तोंडानं न सांगता त्याच्या मोबाइलमध्ये गुपचूप टाकून द्यायचो. वडील गेले, तेव्हा त्यांच्या मातीला भाऊ आला. नांदेडला व्हिडिओ कॉल लावायला त्यानं मला पासवर्ड विचारला. "तुझं नाव टाक, पुढं जन्मसाल," मी म्हणालो, "दादांनीच ठेवलाय." त्यानं नाव आणि साल टाकलं, मोबाइल जोडला गेला. मग म्हणाला, "एवढं ध्यानात होतं, तर एक फोन का न्हाई केला?" परवा धूळ तेवढी पुसली, कुंकवाला हात लावला नाही.