खोकला ओळखणाऱ्या आत्याबाई

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, आणि अक्षर तर माझं मलाच पुन्हा वाचताना अडतं, त्याबद्दल आधीच माफी मागते. पण एवढं मात्र खात्रीने लिहिते, की थंडीच्या दिवसांत आमच्या कळंबच्या बाजूला आत्याबाईंच्या तावडीतून सुटलेला माणूस एकही नसेल. सर्दीपासून सुटलेले पुष्कळ होते, आत्याबाईंपासून कुणी नाही.

त्या माझ्या सासऱ्यांच्या चुलत बहीण. लवकर कपाळ पांढरं झालं म्हणून माहेरीच राहिलेल्या, आमच्यापासून चार घरं सोडून. भातकापणी उरकून दव पडायला लागलं की त्यांचं राज्य सुरू होई. कुणाच्या गोधड्या अजून उन्हात पडल्या नाहीत ते बघत त्या सकाळी वाडीभर फिरत. खिडकीला पोतं लावलेलं दिसलं की सरळ आत शिरून ते ओढून काढत आणि म्हणत, "आठ जनं एकच हवा फिरवून फिरवून घेताय, शिळी नाय लागत व्हय?" शिंकणाऱ्याचा तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं, दोन वेळा कुळथाचं गरम कढण, आणि अंगात बळ येईपर्यंत शेतावर पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा कायदा. एकदा तलाठी आले ते तीनदा शिंकले. आत्याबाईंनी त्यांना ओट्यावरच घोंगडीखाली अडुळशाच्या वाफेपुढे बसवलं. घोंगडीतून "अहो बाई, माझे कागद भिजतील" असा आवाज येत होता आणि आत्याबाई बाहेरून सांगत होत्या, "कागूद उन्हात वाळंल. तुमाला कुटं वाळत घालू?" पुढच्या वर्षी तलाठी आले, पण शिंक आली की ओढ्यापलीकडे जाऊन शिंकून येत.

त्यांची खरी विद्या कानात होती. आमच्याकडे घरं कुडाची, कारवीवर शेणमाती लिंपलेली. घरातली भांडणं बाहेर ऐकू येत, तिथे खोकला कसला लपतो. आत्याबाई झुंजुमुंजू झालं की पाण्याला जाताना हळूहळू चालत आणि प्रत्येक कुडाशी जरा थबकत. कोरडा खोकला, ओला खोकला, विडीचा खोकला आणि सासूला ऐकवायचा खोकला, असे प्रकार त्यांना न बघता कळत. परत येताना ज्याचा त्याचा पाला ज्याच्या त्याच्या दारात पडलेला असे. सासूला ऐकवायच्या खोकल्याला पाला नसे, त्या सुनेला त्या कोथिंबीर निवडायला म्हणून आपल्या अंगणात नेऊन बसवत. माघातल्या एका लग्नात अंतरपाटामागे नवरा खोकला, तर आत्याबाई बायकांतून उठून म्हणाल्या, "आदी त्याला सुंठ द्या, मंगळाष्टकं कुटं पळून जात नायत." आणि भटजी खरोखरच थांबले.

मला त्या वर्षी दोन महिने खोकला होता. मी तो पदरात खोकायची, कणगीत तोंड घालून खोकायची, फार झालं तर परड्यातल्या पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन खोकायची. सासूबाई म्हणत, "काम निघालं का हिचा खोकला निघतो." रात्री घाम यायचा, अंगावरची चोळी सैल झाली होती. आपण आता फार दिवसांच्या नाही असं मला वाटायला लागलं होतं. पण तेही कुणाला सांगायची मला लाज वाटे.

एका सकाळी उडवीमागून वळले तर आत्याबाई उभ्या. ओटीत अडुळशाचा पाला होता.

"तू व्हय गं ती. परत खोक बघू."

कुणी खोक म्हटल्यावर मला कसलं खोकता येतंय.

"बसते मी. मला कुटं जायाचं नाय," म्हणून त्या खरंच खाली बसल्या. शेवटी आलाच खोकला. त्यांनी तो पुरता ऐकला आणि ओटीतला पाला झाकून घेतला. "ह्यो माजा नाय," एवढंच म्हणाल्या आणि तडक आमच्या ओटीवर गेल्या.

"वैनी, सुनेला कर्जतला डाक्टरकडं न्यायला पायजे."

सासूबाई म्हणाल्या, "का वन्सं, तुमचा पाला सपला का काय?"

"पाल्याचं काम असतं तर तुला इचारलं नसतं, पाजून गेले असते."

"आन पैसं?"

आत्याबाईंनी कनवटीतून शेळी विकलेले पस्तीस रुपये काढले. "हे उसने. तिनंच फेडायचं." फुकट दिले असते तर सासूबाईंनी घेऊ दिले नसते, हे त्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर छातीला नळी लावून ऐकत होते, तर या शेजारून सांगतात, "डाव्या अंगाला, खाली ऐका." डॉक्टरांनी तिथे ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि विचारलं, "कुठं शिकलात?" त्या म्हणाल्या, "कुडाशी उभी ऱ्हाऊन." अजून महिना गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. सुया सुरू झाल्या. त्यावर आत्याबाईंचं कढण, कोवळं ऊन आणि दुपारची झोप होतीच. "सुई डाक्टरची, भूक माजी," असं त्या म्हणत. मी वाचले.

मग दर बाजाराला अंडी आणि वाल विकून मी आठ आणे त्यांना नेऊन देऊ लागले. देणं ठेवू नये म्हणून सासूबाईही अडवत नसत. आत्याबाई पैसे मोजायला फार वेळ लावत, मग चहा टाकत, आणि मी त्यांच्या अंगणात बसे. बसून बसून मी बोलायला लागले. कधी हाताशी आठ आणे असले तरी मी चारच दिले, ते त्यांना कळलं असेल का, मला माहीत नाही.

तरी दोन थंड्या गेल्या आणि एक दिवस शेवटचे चार आणे उरले. उन्हाळा लागला होता, वाडीत कुणी खोकत नव्हतं, आत्याबाई रिकाम्या बसल्या होत्या. त्यांनी नाणं हातावर घेऊन उलटंपालटं केलं.

"झालं बघ सगळं," त्या म्हणाल्या.

अजून थोडं राहिलंय, असं म्हणावंसं वाटलं. पण पै न् पै फिटली होती.