दाजींचं आणि ‘पुट’चं भांडण

माझ्या दाजींइतका रागीट माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हे मी जिल्ह्यात पंचवीस वर्षं मास्तरकी करून सांगतोय. एसटी उशिरा आली तर ते चिडतातच, पण वेळेवर आली तरी चिडतात, कारण हातातला चहा टाकून पळावं लागतं. एका लग्नपत्रिकेत त्यांच्या नावामागं ‘श्री’ लागला नव्हता, तर त्यांनी पेनानं तो घातला, पत्रिका परत पाठवली आणि मग त्याच लग्नात जाऊन पोटभर जेवले. आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, या माणसाबरोबर तीस वर्षं संसार करतेय. तिला विचारलं तर म्हणते, “ओरडत्यात तवर बरं असतंय. गप बसले की भ्या वाटतं.”

आणि या माणसाचा धंदा काय, तर फटाक्यांचा. तेरखेड्याच्या शिवारात त्यांची शेड आहे. बारा बायका तिथं नळ्या वळतात, सुतळी गुंडाळतात, वाती बसवतात. गंमत अशी की शेडच्या आत दाजींचा आवाज कधी चढत नाही. कुणाचं चुकलं तर ते मुकाट बाहेर येतात, मोकळ्या रानाकडं तोंड करून दोन मिनिटं शिव्या घालतात आणि आत जाऊन मऊ आवाजात सांगतात, “बाई, ही वात जरा सरळ.” मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “फटाक्याच्या दारूपाशी राग चालत न्हाय, पाव्हणं. तिचा राग आपल्यापेक्षा मोठा.”

गेल्या उन्हाळ्यात त्यांना परवान्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. नूतनीकरणाची सुनावणी ‘पुट ऑफ’ केली आहे, असं इंग्रजीत होतं. दाजींनी ते स्वतःच वाचलं. माझ्याकडं आणलं नाही, कारण त्या दिवसांत ते माझ्यावर रुसले होते; मी त्यांच्या दारावरून येडशीला गेलो आणि चहाला थांबलो नाही, एवढा माझा गुन्हा. ऑफ म्हणजे बटण बंद, सुनावणी मिटली, असा त्यांनी अर्थ लावला आणि पत्र देवळीत ठेवून दिलं. सुनावणी नुसती पुढं ढकलली होती. नवी तारीख खाली बारीक अक्षरात होती. ती उलटली, दाजी गेले नाहीत आणि ऐन पावसाळ्यात शेडला सील लागलं.

बारा बायका तीन दिवस त्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या. चौथ्या दिवशी दाजी येडशीला माझ्या दारात उभे.

“तुमी इंग्रजीचं मास्तर! अन् घरचा माणूस पुट ऑफनं मेला!”

मी इंग्रजीवर पोट भरतो, तरी ते पत्र वाचून माझंही डोकं फिरलं. लिहिणारा साहेब मराठी, टाइप करणारा मराठी, वाचणारा तेरखेड्याचा. मग मधे ही परकी भाषा कुणाच्या सोयीसाठी घातली होती?

“शिकवा मला,” दाजी म्हणाले. “सगळं पुट शिकवा. एक बी सोडायचं न्हाय.”

दर रविवारी ते येऊ लागले. शिकणं कसलं, भांडणच ते. “पुट म्हंजे ठेवणं, ऑन म्हंजे वर. मग पुट ऑन म्हंजे सदरा घालणं कुठनं आलं?” मी म्हणायचो, तसं ठरलंय. “कुणी ठरवलं? बोलवा त्याला!” पुट आऊट म्हणजे विझवणे, हे ऐकल्यावर तर ते उभेच राहिले. “म्हंजे शेडला आग लागली, अन् पाटीवर पुट आऊट लिवलंय, तर म्या आग उचलून भाईर ठिवू व्हय?” पुट अप विथ म्हणजे सोसणे, हे कळल्यावर त्यांनी पुस्तक खिडकीतून फेकलं. ते शेजाऱ्यांच्या म्हशीपुढं पडलं. तिनं चघळलेली दोन पानं सोडून आम्ही पुढं शिकलो.

एका रविवारी अक्काही आली होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, “अवो, भूक लागती, ठेच लागती, आग लागती, नोकरी लागती, एसटी लागती, येड लागतं. आपलं लागणं तरी कुठं एका जागी बसतंय?”

दाजींनी तिच्यापुढची एक जुडी ओढून घेतली. मग म्हणाले, “आपलं आपल्याला कळतंय.”

“त्यांचं त्यांना कळतंय,” अक्का म्हणाली.

त्या दिवसापासून त्यांचा भाषेवरचा राग उतरला. सगळा कार्यालयावर गेला.

नव्यानं केलेल्या अर्जावर, दिवाळीला महिना राहिला असताना, सुनावणी लागली. मी सोबत होतो. साहेब तरुण होता. त्यानं कागद चाळले, घड्याळ पाहिलं आणि शेजारच्याला हळूच म्हणाला, “लेट्स पुट इट ऑफ.”

दाजी उठले. मी डोळे मिटले. आता टेबल उलटतं म्हटलं. पण ते बोलले शेडमधल्या आवाजात.

“नो पुट ऑफ, सर. ट्वेल्व्ह विमेन पुट अप विथ मी. ट्वेंटी इयर. नाऊ दे आर पुट आऊट.” मग दोन बोटांनी हवेतच वात चिमटून विझवून दाखवली. “मराठीत सांगू का, सर? का मराठी कळत न्हाय?”

साहेबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “सांगा, काका,” तो मराठीत म्हणाला. दाजी पंधरा मिनिटं बोलले. त्याच आठवड्यात तपासणी झाली आणि सील निघालं.

दाजी बायकांना बोलवायला घरोघर फिरले. आठ आल्या. तिघी दुसऱ्या शेडवर लागल्या होत्या. राहिली सोजराबाई. तिच्या हाताची वात कधी फुसकी निघाली नाही, अशी तिची ख्याती. ती बार्शीला लेकीकडं गेली होती. दाजींनी शेडच्या दारात माझ्यासमोर तिला स्पीकरवर फोन लावला.

“मालक, आता न्हाय यायची म्या,” ती म्हणाली. “हितं खानावळीत भाकरी करते. रातच्याला झोप लागती. तिकडं लई वर्सं भ्याच वाटायचं, कवा काय हुईल म्हणून.”

“मग कधी बोलला न्हाय ते?”

“तुमाला बी भ्या वाटायचं, दिसायचं की. तरी तुमी धंदा सोडला न्हाय, मग म्या कशी बोलू?”

दाजी “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. मी त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत होतो. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि आत सोजराबाई ज्या पोत्यावर बसायची त्यावर जाऊन बसले. त्या दिवाळीत तिच्या जागी त्यांनी दुसरं कुणी घेतलं नाही. स्वतःच वाती बसवत राहिले. एकही सरळ बसत नव्हती.